थंडीतला कूलर

जानेवारी संपत आलेला, शाल घेतल्याशिवाय अंगणात बसवत नाही असे दिवस, आणि मागच्या गल्लीत कुणीतरी कूलर लावला होता. दोरीवरचे कपडे काढता काढता रक्षाने कान दिला. शंकाच नको, कूलरच. पंख्याची घरघर, मध्येच पत्रा थडथडतो तो आवाज आणि त्याखाली पाण्याची बारीक झिरझिर. वर्धेत वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. मे महिन्यात अख्खं गाव त्याच्या पोटात शिरून बसलेलं असतं. पण आत्ता, या गारठ्यात? कुणाचं डोकं फिरलं, असं मनात म्हणत ती हसली, आणि हसू तिथल्या तिथे विरलं, कारण कूलरच्या आडून एक बाई बोलायला लागली होती. 'गुड इव्हिनिंग, क्लास. ओपन द विंडो.' थोडी शांतता, मग पोरांचा गलका. 'नो, निकेश. नॉट लाइक दॅट.' जरा घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी खाली न उतरता वर जाणारा. ओळखीचा होता, पण कुणाचा ते आठवेना. शाळेतल्या बायका, मावश्या, कॉलेजातल्या मैत्रिणी, सगळ्यांचे आवाज तिने मनातल्या मनात त्याला लावून पाहिले. एकही बसला नाही. मग त्या बाईने खाकरून घसा साफ केला आणि रक्षाच्या हातातली चादर खाली पडली. तो आवाज तिचाच होता.

ती कालच आली होती. दोन वर्षांनी. व्हिएतनामातलं नाम दिन्ह नावाचं शहर, तिथली लहान मुलांची शाळा, इंग्रजीची बाई म्हणून नोकरी. तेत म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या सुटीला जोडून महिनाभराची रजा काढून रामनगरातल्या या घरी. घरात आई, वच्छलाबाई, एकटीच. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यांचं वह्यापेनांचं दुकानही त्यांच्यामागे मिटलेलं. विमानात सगळा वेळ रक्षा एकच गोष्ट घोळवत होती. पुढचा करार करायचा की नाही, ते अजून तिने शाळेला कळवलं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं होतं, आई एकदा, फक्त एकदा, 'नको जाऊ' म्हणाली तर जायचं नाही. आपण होऊन विचारायचं नाही. तिच्या तोंडून यायला हवं. एवढ्या मोठ्या बाईने असा हट्ट धरावा हे तिलाही हास्यास्पद वाटत होतं, पण धरला होता खरा. आणि आईने कालपासून जेवलीस का, थकलीस का, केस किती गळले वो तुहे, एवढंच विचारलं होतं.

चादर उचलून ती आत गेली. आई घरात नव्हती. मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं. चहाच्या भांड्याला अजून ऊब होती. थोड्या वेळाने वच्छलाबाई मागच्या दाराने आत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की रक्षाला उगीचच आपण परक्याच्या घरात उभं असल्यासारखं वाटलं. लग्नाघरून जेवून आलेल्या बाईचा तो चेहरा होता, तृप्त.

"कुठं गेलतीस आई?"

"इथंच, क्लासात. रोज जातो मी." वच्छलाबाईंनी पायातली चप्पल भिंतीशी लावली. "काऊन वो, अशी काऊन पाहून राह्यली?"

"तिथं माझा आवाज येत होता."

"हव, मंग," आई म्हणाली, यात काय सांगायचं अशा सुरात. "तू त असतेच तिथं."

आणि त्या भाकरीचं पीठ काढायला आत गेल्या. रक्षाला विचारायचं पुष्कळ होतं, पण त्या 'असतेच' ने तिचं तोंड बंद केलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला तो उन्हाळा आठवला. जाण्याआधीचा. प्रफुल सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास मागच्या गल्लीतच, दार दाराला लागून. सहा वर्षं तिने तिथे शिकवलं होतं. तिचं जायचं ठरल्यावर सरांनी टेबलावर मोबाइल ठेवून अख्खी बॅच रेकॉर्ड करून घेतली होती. मॅडम, आठवण म्हणून राहू द्या, म्हणाले होते, आणि तिने हसून राहू द्या म्हटलं होतं. मे महिना होता. कूलर कोपऱ्यात घरघरत होता. एखाद्या गोष्टीला आपण राहू द्या म्हणतो आणि ती खरंच राहून जाते, हे कुणाच्या ध्यानात येतं?

परक्या देशात माणूस स्थिरावतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा विचार तिने तिकडे असताना कधी केला नव्हता. करायला सवड कुठे होती? पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता, त्यावर लाल अक्षरांत 'मिस अॅना'. मुख्याध्यापक बाई फार अदबीने वागणाऱ्या. त्यांनी दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे केला आणि सांगितलं की पालकांना हे नाव सवयीचं झालंय, मुलंही लहान आहेत, तेवढं नाव असू द्या. तिला गंमत वाटली. वर्धेत पाहुण्याच्या मुलाने चुकून मावशीला काकू म्हटलं तर कोण चिडतं? तशीच ही. शाळेच्या वर राहायला खोली होती, खोलीत कपाट, कपाटात कुणाच्या तरी केसांच्या पिना, एक कान तुटलेला कप आणि खालच्या कप्प्यात हिरव्या पट्ट्यांच्या चपला. तिने पाय घालून पाहिला. बरोबर बसला. पहिल्याच तासाला मुलं येऊन कंबरेला बिलगली, आणि एका मुलीने मोडक्या इंग्रजीत विचारलं, मिस अॅना, तुमचा कुत्रा बरा झाला का? रक्षा म्हणाली, हो, बरा झाला. काय बिघडत होतं? लेकरू खूश झालं. मग ते रोज विचारायचं आणि ही रोज काहीबाही सांगायची, आज त्याने भात खाल्ला, आज तो पायरीवर झोपला होता. पुढे पुढे एकटी असली की तिला तो कुत्रा दिसायचा, तांबूस, एक कान दुमडलेला. तो कधी मेला असेल तर, या विचाराने एकदा तिचा जीव कासावीस झाला होता.

बाकी सगळं जमलं. पावसाचा झगा अंगावर घेऊन स्कूटर चालवणं जमलं, काड्यांनी भात खाणं जमलं, बोटं दाखवून भाजी घेणं जमलं. एकदा बाजारात सांबाराची जुडी नाकाशी नेली आणि भर गर्दीत ती ढसाढसा रडली. कोथिंबिरीला सांबार म्हणणारं एकही माणूस आजूबाजूला नव्हतं म्हणून. फेब्रुवारीत तिकडे हवा इतकी ओली होते की फरशीला, भिंतींना घाम फुटतो. पुसलं की पुन्हा. पहिल्यांदा ते पाहून तिला वाटलं, घरात कुणीतरी ओल्या पायांनी हिंडतंय. शाळेच्या इमारतीची मालकीण, जिला सगळे 'बा' म्हणजे आजी म्हणत, ती दिवेलागणीला वारलेल्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे भाताची वाटी ठेवून त्याच्याशी बोलत बसायची, पाऊस किती पडला, वीज कधी गेली, अगदी समोरासमोर बसल्यासारखी. रक्षाने वर्धेहून नेलेल्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा तिला दिला तर तिने तो आधी तसबिरीपुढेच ठेवला. रक्षाला तेव्हा बाची दया आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती क्लासकडे गेली, आईच्या आधी. प्रफुल सर दारातच भेटले, केस पांढरे झालेले, तेच ओशाळं हसू. "अरे मॅडम! तुम्ही सोता आले! या या." आत पोरं रांगांत बसलेली आणि टेबलावर, ती उभी राहायची त्या जागी, एक काळा स्पीकर. कूलर कुठेच नव्हता. कोपरा रिकामा होता. ती पाहतेय हे पाहून सर म्हणाले, "थे कूलरचा आवाज काही निघाला नाई बाप्पा. पोट्ट्यांचे आवाज म्या काढून टाकले, तुमचा तेवढा ठेवला. त्यांच्या बोलण्याची जागा मोकळी हाय, तिथं आताचे पोट्टे बोलतात." आणि मग सगळं ओघाने आलं. रेकॉर्डिंगमध्ये मॅडम निकेशला रागावतात, चंचलला प्रश्न विचारतात, नागेशला खिडकी उघडायला लावतात. ती पोरं केव्हाच पुढे गेली, निकेश तर पुण्यात नोकरीला लागला. नवी पोरं सुरुवातीला हसायची. म्हणून सरांनी जागा ठरवून दिल्या. इथे बसेल तो निकेश. तिथे बसेल ती चंचल. "आता त मायबाप मले म्हणतात, सर, आमच्या पोरीले चंचलची जागा द्या. चंचलले मॅडम लई विचारते."

"आणि निकेश? त्याला मी नो म्हणते ते?"

"त्याले थे चुकाच लागते," सर म्हणाले. "नाई चुकला त मॅडमचं बोलणं वाया जाते नं."

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले की तिला रागावताही येईना. निकेशच्या जागी बसलेला मुलगा मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता. रोजची चूक घोकत असावा. आपल्या पायांतल्या चपलांकडे रक्षाचं लक्ष गेलं; आईच्या होत्या, साध्या, काळ्या. तिने पोरांना म्हटलं, मी रक्षा मॅडम. पोरांनी शिष्टाचाराने मान हलवली आणि स्पीकरकडे पाहिलं. चंचलच्या जागची मुलगी, दोन वेण्यांची, धीट, म्हणाली, "मॅडमचा आवाज असा नाई." खरंच नव्हता. दोन वर्षं व्हिएतनामी लेकरांसाठी एकेक शब्द सुटा करून बोलता बोलता तिचं इंग्रजी सपाट झालं होतं, वाक्याच्या शेवटी वर जाणं कधीच गळून पडलं होतं. सरांनी बटण दाबलं. कूलर घरघरला. तिला एकदम उकडायला लागलं, आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मग दारात आई आली. रक्षाकडे तिचं लक्षच नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाय जुळवून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, देवळात आरतीची वाट पाहत उभं राहावं तशी ती उभी राहिली. स्पीकरमधून आवाज आला, 'यस? कम इन.' आई आत आली. 'व्हॉट इज युअर नेम?' आणि वच्छलाबाई, ज्यांना बँकेतल्या साहेबाशी बोलतानाही घाम फुटायचा, खणखणीत म्हणाल्या, "माय नेम इज वच्छला." 'व्हेअर इज युअर डॉटर?' आईने हात उचलून बोट स्पीकरकडे केलं. "माय डॉटर इज हिअर." 'व्हेरी गुड. सिट डाउन.' आई पुढच्या बाकावर बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मॅडम पुढचं शिकवू लागल्या.

तो दिवस रक्षाला लख्ख आठवला. पासपोर्टच्या चौकशीचा पोलीस घरी आला होता, म्हणून आई तिला बोलवायला आली होती. दारात लाजून उभी राहिलेल्या आईला पाहून तिला काय लहर आली कोण जाणे, तिने वर्गातल्यासारखेच प्रश्न विचारले, आणि स्वयंपाकघरातून सहा वर्षं ऐकून ऐकून आईला उत्तरं पाठ झाली होती! दोघींना इतका आनंद झाला की पोलीस घरी बसलाय हे आई साफ विसरली. बाकावर बसून पदराने वारा घेत पंधरा-वीस मिनिटं शिकत राहिली. त्या दिवशी सगळे किती हसले होते. सरांना तो तुकडा आवडला म्हणून ते रोजचा वर्ग त्यानेच सुरू करायचे. म्हणजे आई गेली दोन वर्षं रोज दिवेलागणीला त्या दिवशीच्या दारात जाऊन उभी राहते आणि तिची मुलगी तिला रोज आत बोलावते. व्हिएतनामातून रक्षाचा फोन यायचा तेव्हा आई दोन वाक्यांत ठेवून द्यायची. आपलं बिल वाढू नये म्हणून ठेवते, असं रक्षा समजत होती.

नंतरच्या दिवसांत तिने काय काय केलं. आईला सेवाग्रामला डोळे दाखवायला नेलं, पाटवडीचा रस्सा केला, गिरडच्या टेकडीवर जाऊन आल्या, तिळगुळाला शेजारणींकडे दोघी मिळून गेल्या. तिथे बायका विचारायच्या, काय वो वच्छलाबाई, पोरगी आली म्हणता, आता ठेवून घ्या. आणि आई हसून म्हणायची, "थे त हायेच." रक्षा वाट पाहायची. भाकरी थापताना, तुरीच्या शेंगा सोलताना, आई तोंड उघडायची तेव्हा तिला वाटायचं, आता म्हणेल. दिवे लागले की आईचं चित्त उडायचं, कान मागच्या दाराकडे जायचे, आणि समोर बसलेल्या रक्षाला ती पाहुणीशी बोलावं तसं म्हणायची, "बस हं तू, मी आलोच." घरात एक मुलगी आधीपासून होती. रक्षा तिच्या ताटात जेवत होती, तिच्या पलंगावर झोपत होती. एका सकाळी आरशात केस विंचरताना कंगव्यात अडकलेला केस तिने उजेडात धरून पाहिला, आपलाच का म्हणून. या विचाराची तिला भीती वाटली आणि स्वतःचा रागही आला.

अशातच तिकडच्या शाळेचा निरोप आला, सोबत एक व्हिडिओ. तेतचा कार्यक्रम, लाल-पिवळ्या कपड्यांतली मुलं रांगेत उभी राहून गात होती, गुड मॉर्निंग, मिस अॅना. आणि त्यांच्यासमोर हात हलवत एक बाई उभी होती, रक्षाने कधी न पाहिलेली. कुत्र्याची चौकशी करणारी मुलगी धावत जाऊन तिच्या कंबरेला बिलगली. बाईने वाकून तिच्या कानात काही सांगितलं, आणि मुलगी खूश होऊन हसली. कुत्रा बराच असणार. बाईच्या पायांत हिरव्या पट्ट्यांच्या चपला होत्या. मुख्याध्यापक बाईंनी खाली लिहिलं होतं, इथे सगळं छान चाललंय, निवांत राहा, यायचं असेल तर कळवा आणि नसेल तरी कळवा. रक्षाने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग फोन उशीखाली ठेवला. तिला वाईट वाटलं, आणि कुणासाठी वाटलं ते कळेना, म्हणून जास्तच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंचा गुडघा सुजला. सकाळपासून पाय टेकवेना. रक्षाने शेक दिला, तेल कोमट केलं. दुपार कलली तशी आईची चुळबुळ वाढली. ती उठून बसायची, पाय खाली सोडायची, कळ आली की पुन्हा आडवी व्हायची. शेवटी तिने रक्षाचा हात धरला. आल्यापासून पहिल्यांदा तिने रक्षाकडे नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. आता, असं तिच्या मनात आलं. आता म्हणते.

"एक करशीन का माह्यासाठी?" आई म्हणाली.

"बोल ना आई."

"आज माह्या जागी तू जाजो. पोट्टे खोळंबतात. अन् थे तिकडं एकटीच विचारत राहीन, कोणी बोलनार नाई."

रक्षाने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने आईच्या गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. मग उठली, आईच्या चपला पायांत घातल्या, खुंटीवरची शाल आईसारखी दोन्ही खांद्यांवरून घेतली आणि मागच्या दाराने निघाली. गारठा होता. गल्लीत दोन पावलं टाकली तोच कूलर सुरू झाला आणि तिच्या कपाळावर घाम आला. ती उंबऱ्याबाहेर पाय जुळवून उभी राहिली. आत पोरांच्या माना वळल्या. आजीच्या जागी कोण, हे त्यांनी फार शोधलं नाही. कुणीतरी आलंय एवढं पुरे होतं.

'यस? कम इन.'

ती आत गेली. आपल्याच आवाजासमोर उभं राहिल्यावर तिला जाणवलं की त्या आवाजात किती माया आहे. ही बाई कुठे जाणार नव्हती. हिला जायचंच नव्हतं. 'व्हॉट इज युअर नेम?' मोकळी जागा सुरू झाली, कूलरची घरघर तेवढी. रक्षा, असं तिच्या जिभेवर आलं, पण ते नाव समोरच्या बाईचं होतं. अॅना नाम दिन्हमध्ये मुलांना गाणी शिकवत होती. चंचलच्या जागची मुलगी पुढे झुकून कुजबुजली, "वच्छला म्हना, वच्छला."

"माय नेम इज वच्छला," रक्षा म्हणाली.

'व्हेअर इज युअर डॉटर?'

हात वर उचलला होता तिने. बोट स्पीकरकडे करायचं, चार शब्द बोलायचे, की झालं. पोरं टाळ्या वाजवणार, आपण बसणार. पण ती आई होऊन उभी होती, आणि आई होऊन पाहिल्यावर तिला टेबलावर काळा डबा दिसत होता, कोपऱ्यात नसलेला कूलर ऐकू येत होता. मुलगी कुठेच दिसत नव्हती. तिने खोलीभर पाहिलं, बाकांवर, दारात, स्वतःच्या पायांशी. हात खाली आला.

"माय डॉटर इज नॉट हिअर," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच, गल्लीपल्याड जाईल इतक्या.

निकेशच्या जागच्या मुलाने तोंडावर हात घेतला. सर बटणाकडे वळले, पण तोवर मोकळी जागा संपली होती. 'व्हेरी गुड,' आवाज म्हणाला, तितक्याच मायेने. 'सिट डाउन.'

ती बसली नाही. चपला ओढत ती गल्ली ओलांडून घरात आली. मागच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. आई पलंगावर उठून बसली होती, खिडकी सताड उघडी, थंडी सरळ आत येत होती.

"उद्या मीच जाईन," वच्छलाबाई म्हणाल्या. "कसंही करून जाईन. तुले नाई जमत."

रक्षा पलंगाशी खाली बसली. आईचा सुजलेला पाय तिने मांडीवर घेतला, तेलाची वाटी जवळ ओढली आणि हलक्या हाताने चोळू लागली. पाय गरम होता, हाडं बोटांना लागत होती. ठरवलं होतं ते मोडलं, कुणाची वाट न पाहता ती आपल्या बोलीत बोलली, लहानपणी बोलायची तशी. "आई, मी नाई जात वो आता. पाह्य नं इकडं. तुही पोरगी इथं हाय. इथं, तुह्या पायापाशी."

मागच्या गल्लीत पुढचा धडा सुरू झाला होता. क्लोज द विंडो, नागेश. कूलर थडथडत होता. वच्छलाबाईंची मान खिडकीकडे वळलेली होती. त्यांनी अंधारात चाचपत हात खाली नेला, रक्षाच्या डोक्यावर ठेवला, दोनदा थोपटल्यासारखं केलं.

"चूप बस जराशी," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मले."